पुढच्या सीटवरची गोष्ट

गोष्ट सुरू झाल्याशिवाय भाऊंची जीप सुरू होत नसे. किल्ली फिरवायला हात पुढे करून ते बसायचे आणि शेजारच्या सीटवरच्या पोराकडे बघायचे. पोराने "एक होता मुलगा" किंवा "काल काय झालं माहितीये का" एवढं म्हटलं की मग इंजिन खोकायचं. मागे मी घड्याळाकडे बघत जीव मुठीत धरून बसलेली असायचे, कारण शाळेची घंटा माझ्यासाठी थांबणार नव्हती. भाऊंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "बाई, गाडी रिकामी पळवून काय उपेग," म्हणायचे. जीपमध्ये तेव्हा चौदा पोरं आणि मी, एवढी माणसं कोंबलेली असायची.

मी पवनानगरच्या एका शाळेत पाचवीला शिकवत होते आणि राहायला लोणावळ्यात. भाऊ पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन लोणावळ्याला यायचे आणि परतताना मला घ्यायचे. खिंड उतरली की धरणाच्या कडेकडेच्या गावांतली शाळेची पोरं भरत भरत आम्ही पवनानगर गाठायचो. संध्याकाळी हाच प्रवास उलटा. पुढच्या सीटवर रोज एका पोराची पाळी, आणि त्या सीटचं भाडं म्हणजे गोष्ट. ती पुस्तकातली चालायची, टीव्हीवरची चालायची, मोबाईलवर बघितलेली चालायची. मोठ्या पोरांकडचे मोबाईल मात्र भाऊंच्या पायाशी असलेल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायचे आणि शाळेपाशी परत मिळायचे.

पोरं सांगायची ती काय, राक्षस, जादूचे आरसे, हातातून आग सोडणारे वीर. भाऊ रस्त्यावरची नजर न काढता ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "सात दिस लढला म्हंतोस, मंग जेवला कुटं?" पोरगं गडबडायचं. मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "आई कुटं हाय त्याची?" या प्रश्नाला भल्याभल्यांकडे उत्तर नसायचं. नीट विचार केला तर अशा गोष्टींत पोर एकटंच निघालेलं असतं, आईबाप कुठल्या तरी पानावर मागेच राहिलेले असतात. मी इतकी पुस्तकं वाचलेली बाई, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ते दूध घालणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं होतं.

हा नियम त्यांनी उगाच काढलेला नव्हता. त्यांच्या नातवाने उडणारा कुणी वीर बघून गळ्याला टॉवेल बांधला आणि गोठ्याच्या पत्र्यावरून खाली उडी टाकली. हात दोन ठिकाणी मोडला. "दोन दिस त्यो त्याच नादात व्हता बाई, आन घरात कुनाला म्हाईत न्हाई. म्या बी हाय की घरात," असं ते सांगायचे. तेव्हापासून पोरांच्या डोक्यात काय शिजतंय ते रोज कळलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. गोष्ट संपली की ते हळूच विचारायचे, "हे तू करून बगनार हायस का?" पोरं हसायची. भाऊ हसायचे नाहीत.

आमचं भांडण व्हायचं ते पुस्तकांवरून. वर्गात माझं एक कपाट होतं आणि त्यात जादूच्या, परक्या राज्यांच्या गोष्टी ठासून भरलेल्या होत्या. मी भाऊंना कल्पनाशक्ती, भाषा, एकाग्रता असं बरंच ऐकवायचे. ते हॉर्न वाजवायचे. एकदा म्हणाले, "तुमी विष देता आसं मी म्हंत न्हाई. आवशिदच देता. पर डॉक्टर कसा, गोळी दिल्यावर दुसऱ्या दिशी बोलावतो, बरं वाटलं का इचारतो. तुमी इचारता का?" मी इचारत नव्हते. रजिस्टरमध्ये पुस्तक जमा झाल्याची खूण करत होते. पण त्या दिवशी मी फणकाऱ्याने खिडकीबाहेर बघत बसले.

त्या वर्षी सानिका आली. दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलणं नेमकं. तिचे वडील देहूरोडला नोकरीत होते आणि तिला मामाकडे ठेवलं होतं. तिची आई तिकडे कामाला असते, असं मामा-मामी गावात सांगत. दाखल्याच्या कागदावर मात्र वडिलांनी आईच्या नावामागे 'कै.' लिहिलं होतं. ते मी वाचलं होतं आणि त्यांच्या घरचा मामला म्हणून गप्प बसले होते. सानिकाने माझं कपाट दोन महिन्यांत अर्धं संपवलं. भिंतीतलं दार उघडून दुसऱ्या जगात जाणाऱ्या मुलाचं एक पुस्तक तर तिने तीनदा नेलं. वाचनाची गोडी म्हणून मी ते मुख्याध्यापकांना कौतुकाने सांगितलं होतं.

पुढच्या सीटवर तिची पाळी आली की भाऊ खूश असायचे. "आई कुटं हाय त्याची?" या प्रश्नाला ती एकटीच न अडखळता उत्तर द्यायची. "वाट बघतीय." दर गोष्टीत, दर वेळी तेच, "वाट बघतीय." भाऊ आरशातून माझ्याकडे बघून म्हणायचे, "बगा बाई, ही येकटीच नीट वाचती." मला दाखल्यावरचा तो 'कै.' आठवायचा. भाऊंना सांगावं असं दहा वेळा मनात आलं आणि अकराव्यांदा मी ते उद्यावर टाकलं. तो उद्या काही मी आणला नाही, हे आजही मला टोचतं.

एकदा सानिकानेच उलटा डाव टाकला. "भाऊ, आज तुम्ही सांगा." पोरांनी एकच गिल्ला केला. भाऊंनी बरेच आढेवेढे घेतले आणि म्हणाले, "मला खोटं सांगाया येत न्हाई. खरं हाय ते सांगतो." मग धरणाकडे बोट करून त्यांनी आपलं गाव सांगितलं. ते पाण्याखाली होतं. वाडीची पायवाट, दगडी देऊळ, त्यांचं घर. घर सोडायच्या दिवशी त्यांच्या आईने चूल पेटती ठेवली होती. "बाप म्हनला, इझीव. आई म्हनली, म्या न्हाई इझवायची, पानी इझवील. आन तशीच उठून आली. उन्हाळ्यात पानी उतारलं की वाट उघडी पडती, देऊळ वर येतं. आमची चूल तितंच फुडं." पोरं मान वळवून धरणाकडे बघत राहिली. भाऊंना शेवटी गोष्ट जमली, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शंभरपैकी शंभर दिले. "हे तू करून बगनार हायस का?" हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. खऱ्या गोष्टीपाशी ते विचारायचं कुणाला सुचणार!

वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या दिवशी पाळी सानिकाची होती. ती म्हणाली, "आज नाही, नंतर सांगते. आज मला काम आहे." भाऊंनी सवलत दिली. शाळा लवकर सुटली, दुपारी ती नेहमीच्या फाट्यावर उतरली. आम्ही पुढच्या दोन वाड्यांना पोरं सोडली. एका वाडीत भाऊंना किटल्या घ्यायच्या होत्या, त्यात तास गेला. तिथून मागे फिरून लोणावळ्याकडे वळलो तर फाट्यावर तिची मामी अनवाणी उभी. "बाई, सानिका घरी आली न्हाई."

मी काहीबाही बोलू लागले, मैत्रिणीकडे असेल, दुकानात असेल. भाऊंनी इंजिन बंद केलं. मग त्यांनी मला एवढंच विचारलं, "तिची आई कुटं हाय, बाई? खरं सांगा." मी सांगितलं. मामीने पदर तोंडात धरला. भाऊंचा चेहरा राखेसारखा झाला. "पानी उतारलंय," ते म्हणाले आणि जीप रस्ता सोडून सरळ धरणाकडे उतरवली.

देवळाचा कळस आणि अर्धी भिंत उघडी पडली होती. भोवती वरून वाळलेला, भेगाळलेला गाळ, आणि त्या पापुद्र्याखाली काय असतं ते तिथल्या प्रत्येक गुराख्याला माहीत आहे. सानिका देवळाच्या पुढे, गुडघ्याच्या वर रुतून उभी होती. दप्तर डोक्यावर धरलं होतं, पुस्तक भिजू नये म्हणून. आम्हाला बघून ती निघायला धडपडली आणि आणखी खाली गेली. माझ्या तोंडून किंकाळी निघणार, तेवढ्यात भाऊंनी माझं मनगट असं दाबलं की ती तिथेच जिरली.

"सानिका," ते जीपमध्ये बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "हलू नगंस. सकाळची गोष्ट राहिलीया तुजी. ती सांग." काठाला मासेमारीची एक होडी पालथी होती, तिच्या फळ्या त्यांनी उचकटल्या. एक फळी टाकायची, तिच्यावर पोटाने सरकायचं, मागची उचलून पुढे टाकायची. दम लागला की विचारायचं, "मंग, फुडं?" सानिका सांगत होती. एक मुलगी होती, तिला पाण्याखालच्या गावाची वाट सापडली. "मंग फुडं?" तिथे सगळी माणसं होती, चूल पेटलेली होती. "मंग?" मी काठावर उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट संपू नये म्हणून हात जोडले होते.

भाऊंनी तिला काखेत धरून फळीवर ओढलं, तेव्हा तिने विचारलं, "भाऊ, चूल कुठंय?" ते तिथेच चिखलात लोळागोळा होऊन पडले होते. म्हणाले, "म्या बी दर साली येतो बाळा. दगडं हायती नुसती. हितं कुनाची आई न्हाई. तुजी न्हाई, माजी बी न्हाई." त्यावर सानिका रडली. मामीने नंतर सांगितलं, आई गेल्यापासून ते पोर रडलंच नव्हतं.

सानिकाला आणि मामीला घरी सोडून परत जाताना भाऊ म्हणाले, "चूक माजी हाय बाई. त्या पुस्तकांनी न्हाई नेली तिला, म्या नेली. खरं सांगितलं म्हनून काय झालं? आदी हात धराया पायजे व्हता, मंग गोष्ट." मी म्हटलं, चूक माझी आहे, मला ठाऊक होतं. 

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नियम बंद झाला होता. भाऊंनी जीपमध्ये रेडिओ बसवून घेतला होता. बिस्किटाचा डबा रिकामा आणि मागे तीन-तीन डोकी एकेका मोबाईलवर. मी वेळेवर शाळेत पोचू लागले आणि माझी झोप उडाली. चौदा पोरं काय बघतायत, काय खरं मानतायत, त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. गोष्टींची भीती वाटायची त्याहून ही शांतता वाईट होती. भाऊंनाही ते जाणवत असावं, कारण ते सारखे आरशात बघायचे.

तिसऱ्या आठवड्यात सानिका पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने रेडिओ बंद केला. "गाडी चालू करू नका. मी अजून सुरू केली नाही." भाऊंनी किल्लीवरचा हात काढला. तिने एका मुलाची गोष्ट सांगितली, सात डोंगर ओलांडून निघालेल्या. वळणं मागे पडली, धरण दिसू लागलं, तरी भाऊ काही विचारीनात. शेवटी तीच म्हणाली, "विचारा ना." भाऊंनी गाडीचा वेग कमी केला. "आई... आई कुटं हाय त्याची?" "वारली," सानिका म्हणाली, "म्हणून तर तो निघालाय." मागून एका पोराने विचारलं, "मंग फुडं?" आणि तिने पुढची गोष्ट सांगितली.

लग्न झालं आणि मी लोणावळा सोडून देहूरोडला आले. शेवटच्या फेरीत भाऊंनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि गोष्ट सांगेपर्यंत जीप हलवली नाही. मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. ते हसले एवढं आठवतं. यंदा दिवाळीनंतर ते गेले. फोन सानिकाचा होता, ती पुण्यात नर्सिंग शिकते. म्हणाली, "शेवटी शेवटी त्यांना काही ओळखू येत नव्हतं. पण मी बोलायचं थांबले की म्हणायचे, मंग फुडं?" 

माझी मुलगी आता आठ वर्षांची आहे. तिच्या पुस्तकांत ड्रॅगन आहेत, पडद्यावर जादूगारीण आहे, आणि मी मूळची काळजीखोर बाई. पोळ्या लाटताना तिला ओट्यावर बसवते, आज काय बघितलंस ते सांग म्हणते. ती सांगते आणि मी विचारते, आई कुठे आहे त्याची? परवा ती वैतागून म्हणाली, "आई, तू दरवेळी हेच का विचारतेस?" मी तव्यावरची करपलेली पोळी उलटली.

पाण्याखालचं गाव मी तिला अजून सांगितलेलं नाही. ओठांवर येतं आणि मी गिळते. पण चैत्रात पाणी उतरेल, देऊळ वर येईल. तेव्हा तिला घेऊन जाणार आहे. आम्ही काठावर उभ्या राहू. आधी तिचा हात धरीन.