दुधाचेच तर दात

सावद्याचे प्रेमराज नाना केळीचे मोठे व्यापारी. घडावर काळा डाग दिसला की शेतकऱ्याचा चारचौघांत पाणउतारा करायचे. चार वर्षांच्या नातीच्या तोंडात मात्र या माणसाने कधी डोकावून पाहिलं नाही. ती रडली की हातात चॉकलेट कोंबायचं, एवढंच त्यांचं आजोबापण.

अंगणवाडीच्या स्नेहलताई घरी येऊन म्हणाल्या, "नाना, पोरीच्या हिरड्यांतून रक्त येतंय. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने दात घासून द्या."

"दुधाचेच तर दात, पडतीलच की! तू आम्हाला शिकवणार?" नानांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

महिन्याभरात हिरडी सुजून पोरीचा गाल टम्म फुगला, ताप चढला. भुसावळच्या डॉक्टरांनी पू काढला आणि दोन दाढा उपटल्या. पोर किंचाळत होती, तेव्हा नाना बाहेर फोनवर केळीचा भाव ठरवत होते.

घरी येताच सून पुनमने चॉकलेटचा डबा त्यांच्यासमोर गटारात रिकामा केला. पुनम आता रोज दोन्ही वेळा स्वतः लेकीचे दात घासते. रक्त थांबलं आहे.

नाना मात्र येईल त्याला सांगतात, "आमच्या घरात दातांची शिस्त पहिल्यापासूनची!"