किल्ली शेजाऱ्यांच्या खुंटीला

“ही भिंत गणपतीच्या आधी खाली आली पाहिजे,” आतून आवाज आला.

मी डोंबिवलीत पाध्येकाकूंच्या दारात चपला काढत होते. दार उघडं होतं, पण काकू घरात नव्हत्या. स्वयंपाकघरात शेजारच्या सावंतकाकू एका मिस्त्रीला भिंत दाखवत होत्या.

“ये ना गं, बस. पाध्येकाकू औषधं आणायला गेल्यात,” त्या म्हणाल्या.

मी ठाण्याला नौपाड्यात एका वकिलांच्या ऑफिसात आहे. घरांच्या खरेदी-विक्रीचे ड्राफ्ट मी करते, माणसांशी सर बोलतात. मला ही वाटणी सोयीची वाटते. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. मराठीत चार माणसांसमोर बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवून घेते.

पाध्येकाकू आपला फ्लॅट सावंतांना विकत होत्या; त्याचाच ड्राफ्ट मी दाखवायला आले होते. सावंतांना डिसेंबरात मुलाच्या, संजूच्या, लग्नाआधी दोन्ही घरं एक करायची होती. मध्ये ब्रोकर नव्हता. सगळं जिन्यात उभ्याउभ्या ठरलेलं. काकूंनी कल्याणला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं होतं, पण तिथली ओसी, म्हणजे राहायला जाण्याची महापालिकेची परवानगी, अजून आली नव्हती. आणि आमच्या ड्राफ्टमध्ये नेहमीचंच वाक्य होतं: रजिस्ट्रेशनच्या दिवशी पझेशन, म्हणजे घराचा ताबा. पाध्येकाका अंथरुणाला खिळलेले. त्या दिवसानंतर ही दोघं राहणार कुठे?

काकू आल्या आणि सावंतकाकू मिस्त्रीला घेऊन गेल्या, तेव्हा मी तेच विचारलं.

“अगं, सावंत म्हणालेत, तुमचं घर तयार होईपर्यंत खुशाल राहा.”

“लिहून दिलंय?”

त्या हसल्या. “आमची किल्ली कायम त्यांच्या खुंटीला असते. ह्यांना हॉस्पिटलात न्यायला संजूच धावला होता. त्यांच्याकडे कागद मागू?”

मी मिस्त्रीचं सांगितलं. काकू पिशवीतली औषधं एकेक करून ओट्यावर ठेवत राहिल्या.

“गणपतीआधी?” एवढंच म्हणाल्या.

ताब्याचं लिहून घेऊया म्हटल्यावर ऑफिसात सर म्हणाले, “शेजारी आहेत ते. उगाच खोदत बसशील आणि सौदा मोडेल.”

“सर, पण काकू आपल्या क्लायंट आहेत.”

“मग तूच जाऊन बोल. मला माजिवड्याला मीटिंग आहे.”

रविवारी सावंतांच्या हॉलमध्ये मी नवा ड्राफ्ट वाचला. कल्याणचा ताबा मिळाला की महिन्याभरात काकू घर सोडणार. तोवर शेवटचा हप्ता सावंतांकडेच राहणार.

सावंतकाकांचा चेहरा बदलला. “म्हणजे आम्ही ह्यांना बाहेर काढू, असं वाटतं तुम्हाला?”

पाध्येकाकू जमिनीकडे बघत होत्या. मी वाक्य मनात जुळवून घेतलं.

“नाही काका. पण मिस्त्री येऊन गेला.”

“कसला मिस्त्री?” त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना माहीतच नव्हतं.

“माप तर घेतलं नुसतं,” सावंतकाकू म्हणाल्या. “सून आल्यावर तिला काय गॅलरीत झोपवू? आणि पाध्यांची कल्याणची बिल्डिंग रखडली तर?”

प्रश्न रास्त होता. “रखडली तर दिवाळीनंतर काकू भाड्याने जागा घेतील. पुढच्या कलमात आहे.”

सावंतकाकांनी चष्मा लावून ते कलम दोनदा वाचलं. मग बायकोला म्हणाले, “बघ, आपलंही लिहिलंय हिने. चहा टाक.”

त्याच ड्राफ्टवर रजिस्ट्रेशन झालं. गणपती दोन्ही घरांत बसले, मधली भिंत तशीच होती. ओसी दिवाळीच्या तोंडावर आली.

काकू निघाल्या त्या दिवशी ताब्याचे कागद घेऊन मी गेले होते. संजूने पाध्येकाकांना खुर्चीसकट खाली आणलं. सावंतकाकू टेम्पोवाल्याला डबे कसे ठेवायचे ते सुनावत होत्या. दोघी काकू अजून बोलत होत्या, हे मी मुद्दाम पाहून घेतलं.

शेजाऱ्याला घर विकताना ब्रोकरची दलाली वाचते. पण ब्रोकर जे अवघड प्रश्न विचारतो, ते कुणीतरी विचारायलाच हवेत.

टेम्पो निघाल्यावर सावंतकाका माझ्याजवळ आले. “त्या वेळी राग आला होता मला. पण तुमच्या सरांनी अट बरोबर घातली. सांगा त्यांना.”

एरवी मी मान हलवून निघाले असते.

“काका, ती अट सरांनी नाही, मी घातली होती.”