शेखावतजींचं वाळवंट

हे तुम्हाला सांगू नये असं बायकोचं म्हणणं. पण अख्ख्या नववी ‘ब’ला कळलंय, मग तुमच्यापासून काय लपवायचं? घ्या, चहा घ्या, गार होतोय.

तर आमच्या तन्वीला शाळेत इंग्रजीची एक कादंबरी लावलीय. शहरातला मुलगा वाळवंटात हरवतो, त्याला एक उंटवाला भेटतो. तो बिचारा ह्याला पाण्यापर्यंत नेत असतो आणि हा शहाणा समजतो, हा आपल्याला लुटणार! मॅडमनी प्रोजेक्ट दिला: कादंबरीतला पूर्वग्रह शोधा, आणि वाळवंटाशी संबंध असलेल्या एका खऱ्या माणसाची मुलाखत घ्या. वीस मार्क. सहामाहीत इंग्रजीत पोरगी काठावर पास झालेली, त्यामुळे हे वीस म्हणजे तिचा जीव की प्राण.

मी कादंबरी एका बैठकीत वाचली आणि भडकलो. “कसला मुलगा आहे हा! सरळ तोंड उघडून विचारायचं ना त्या माणसाला!”

“बाबा, तोच तर विषय आहे.”

“मग सोप्पंय! आणि मुलाखतीला लांब कशाला जायचं? समोर शेखावतजी आहेत की!”

शेखावतजी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांपूर्वी आले. ह्या एवढ्या मिशा. राजस्थानी, म्हणजे वाळवंट आलंच. शुद्ध शाकाहारी, हेही आलंच. आम्ही पडलो मालवणचे सावंत. भाईंदरला घर शोधताना ‘नॉनव्हेज नही चलेगा’ इतक्या ठिकाणी ऐकलेलं, की शेखावतजी आल्यावर आम्ही न सांगताच शहाणे झालो. मासे आणायचे ते कापडी पिशवीत, वर मेथीची जुडी. तळताना खिडक्या बंद आणि पॅसेजमध्ये धूप. इतका धूप, की तळमजल्यावरचे काका एकदा धापा टाकत वर आले, “आरती झाली का हो?”

“पण ते शाकाहारी आहेत हे तुला कोणी सांगितलं?” तन्वीने विचारलं.

“सांगायला कशाला हवं? दर रविवारी मोठा स्टीलचा डबा घेऊन निघतात. देवळात प्रसाद नेत असणार. संस्कार लागतात त्याला!”

रविवारी सकाळी गेलो. तन्वीने बजावलं होतं, “प्रश्न मी विचारणार, तू नुसता बस.” मी बसतोय कसला!

“शेखावतजी, बचपन में पानी की बहुत तकलीफ रही होगी?”

“बहुत! नल पे हंडों की ये लंबी लाइन लगती थी.”

“लिही, तन्वी! और रेत? रेत का तूफान?”

“रेत…” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “रेत देखने उत्तन जाते थे. बस से.”

उत्तनचा समुद्रकिनारा तर आपल्या भाईंदरचा! मी म्हटलं, असेल बुवा राजस्थानातही एखादं उत्तन! एका नावाची गावं काय कमी असतात?

“और ऊंट?”

“एक बार बैठा था. चौपाटी पे. गिर गया.”

तन्वीचं पेन थांबलं. मी डोळे वटारले, तशी पुन्हा लिहू लागली.

तेवढ्यात बायकोने आमचं दार उघडलं असावं. तळलेल्या बोंबलांचा वास थेट शेखावतजींच्या हॉलमध्ये! आता हा माणूस सोसायटीत तक्रार करणार, आमचं तीन वर्षांचं पुण्य पाण्यात!

“वो नीचेवाले हैं,” मी म्हटलं. “तिसरे मालेवाले. कितनी बार बोला उनको, धरम-करम का कुछ खयाल रखो!”

“बाबा!!”

शेखावतजींनी डोळे मिटले. लांब श्वास घेतला. “ओले बोंबील,” ते म्हणाले. “रव्यात घोळवलेत काय?”

मराठीत! चक्क!

“तुम्हाला… मराठी येतं?”

“अहो, इथंच भाईंदरच्या गोडदेवात जल्म माझा. मराठी शाळेत शिकलो. वाळवंट न्हाय पायलं कधी, खाडी पायलीय. तुम्ही पहिल्या दिवसापासून हिंदीत बोलताय, म्हटलं असेल यांना हौस.”

“आणि… शाकाहार?”

“आमच्या घरात? रविवारी मटण लागतंच!” मग त्यांनी आवाज खाली आणला. “पण तुमच्याकडे एवढा धूप! म्हटलं, फार सोवळ्यातली माणसं, त्यांना त्रास नको. म्हणून मसाला लावलेलं मटण डब्यातनं मेव्हण्याकडे नेतो. तिथेच शिजवतो, तिथेच खातो. तीन वर्षं झाली.”

खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा भला माणूस माझ्यामुळे दर रविवारी मटण घेऊन गावभर फिरतोय! मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. त्यांनी नऊ बोंबील खाल्ले आणि बायकोला म्हणाले, “वहिनी, मीठ जरा कमी पडलंय.”

“वाळवंटाचं काहीच नाही मिळालं,” तन्वी वही मिटत म्हणाली, “पण पूर्वग्रहाचं भरपूर मिळालं.” आणि तिने सगळं लिहिलं. माझं वाक्य न् वाक्य! मी म्हटलं, निदान नाव तरी बदल. म्हणाली, “खरंच लिहायचंय, बाबा.”

दोन आठवड्यांनी शाळेत पालकसभा. मॅडम म्हणाल्या, “तन्वी लिहिते छान. पण वीसपैकी बाराच दिलेत. मुलाखत खरी हवी होती. हिने वडिलांचं पात्र रचून घातलंय. असं कोणी वागतं का हो?”

“रचलं नाही, मॅडम!” तन्वीचे डोळे भरून आले. “सगळं खरंय!”

“पुरावा काय? पालकांनी लेखी दिलं तर बघता येईल.”

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मागे रांगेत दहा-बारा पालक, कान टवकारून. काय करणार? पोरीच्या मार्कांपुढे बापाची अब्रू ती काय! मी कागद घेतला आणि लिहिलं: ‘सदर प्रोजेक्टमधील वडील मीच असून, मी प्रत्यक्षातही तसाच आहे.’ खाली सही केली.

“ओळखपत्र दाखवू का?” मी विचारलं.

मॅडमनी कागद वाचला, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाराचे वीस केले.

“नको,” त्या म्हणाल्या. “पटलं.”