कनेरगाव नाक्यापर्यंत

आमच्याकडं पाहुण्याला दारातूनच निरोप देणं म्हणजे त्याला हाकलून दिल्यासारखं. निदान फाट्यापर्यंत पोचवायला जायचं, तिथं उभ्या उभ्या पुन्हा अर्धा तास बोलायचं आणि बस आली की तिलाही ताटकळत ठेवायचं.

पन्नाशीत मी गाडी शिकले आणि माहेरून, जवळा बाजारहून, थेट चंदीगडला लेकीकडं एकटीनं जायचं ठरवलं, तेव्हा आईनं ही रीत माझ्यावरच चालवली. जन्मभर माझ्या शेजारी कुणी ना कुणी बसलेलं. एकदा तरी ती जागा रिकामी ठेवून मला भरपूर लांब जायचं होतं. आईला नेमकी तीच रिकामी जागा बघवत नव्हती.

"औंढ्यापर्यंत येते, मंग उतरते," म्हणत ती शाल गुंडाळून पुढं बसलीसुद्धा. डिसेंबरची सकाळ, रस्त्यावर धुकं, आणि प्रत्येक ट्रकला आई माझ्या आधी घाबरणार. औंढा आलं. "इथं थंडी लई हाय, हिंगोलीत उतरते." हिंगोली आली. "स्टँडवर गर्दी दिसून राहिली. जरा पुढं घे."

माझं डोकं फिरलं. "माय, तू काय चंदीगडपर्यंत पोचवायला येतीस का?"

"आले असते. पण लुगडं न्हाई आणलं दुसरं."

शेवटी कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यासमोर मी गाडी थांबवली. इथं आपला जिल्हा संपतो. चहा झाला, भजी झाली. मी म्हटलं, "आता इथून मी एकटी." आईनं उरलेली भजी कागदात बांधून घेतली. मग म्हणाली, "बरं. बस येईस्तोवर थांब मंग."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की आई आजवर एकटीनं बसमध्ये चढलेलीच नाही. आधी वडील, नंतर भाऊ, नंतर नातवंडं. आता काळजी करायची पाळी माझी. बस आली तशी मी कंडक्टरला दोनदा बजावलं, की हिंगोलीत उतरवून जवळा बाजारची बस दाखवा. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर आईच ओरडली, "जा की आता! मी काय लेकरू हाव?"

वाशीम मागं पडलं आणि ऊन वर आलं. दोन्ही बाजूंना शेंगांनी लगडलेल्या तुरी, मधूनच हरभऱ्याचा गुडघ्याखालचा हिरवा पट्टा. काच खाली करून मी मोठ्यानं गायले. गळा माझा बेसूर, पण टोकायला कुणी नव्हतं. इतकी खूश मी कितीतरी वर्षांत झाले नव्हते.

अमरावतीजवळ थांबून घरी फोन लावला. वहिनी म्हणाली, "आई आल्याच न्हाईत अजून." गाडी मागं वळवायची तयारी ठेवून मी आईला फोन लावत राहिले. बऱ्याच वेळानं उचलला.

"माय, कुठं हायस तू?"

"नांदेडच्या बशीत. हिंगोलीत उभी दिसली, बसले. तुझ्या मावशीकडं चालले."

"एकटी?"

"मंग! आन् खिडकी भेटली बघ. तुमाला मांडीवर घेऊन जन्म मधल्या जागेवर गेला, हा रस्ता कधी दिसलाच न्हाई मला. ठेव आता, तुझ्या नादात बाहेरचं बघायचं राहून जायलंय."