कमांडर-सान आणि छत्री

योकोहामाच्या ट्रेनमध्ये नौदलातले एक अधिकारी रोज आमच्या समोर बसायचे. पांढरा गणवेश, मांडीवर टोपी, ओठ घट्ट मिटलेले. एकदा माझ्या लेकीनं जपानीत विचारलंच, "तुम्ही बोटीवर काय करता?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. ते मात्र खुलले. "मी किनाऱ्यावरच असतो. हवामान सांगणारे, शत्रूची खबर काढणारे, कॉम्प्युटर सांभाळणारे, खोट्या बातम्या पकडणारे, हे सगळे आमच्या एकाच कमांडच्या, म्हणजे एकाच मुख्यालयाच्या, हाताखाली असतात."

"म्हणजे आमची आई!" लेक म्हणाली. "छत्री, वायफायचा पासवर्ड, माझ्या थापा, सगळं तिच्याकडेच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उठून टोपी चढवली आणि मला कडक सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर त्यांनी मला अदबीनं, आदराचं जपानी 'सान' लावून विचारलं, "कमांडर-सान, आज छत्री लागेल का?"

"लागेल," मी छातीठोकपणे म्हटलं.

त्यांच्या हातात छत्री आधीपासून होतीच.