पुढं वाचा, मास्तर

"अक्का, मास्तरांच्या दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात," हुबळीचे डॉक्टर मला म्हणाले. "याच आठवड्यात डायलिसिस सुरू करायला पाहिजे."

किडनी निकामी झाली की रक्तात कचरा साठतो. डायलिसिस म्हणजे तो मशीननं धुऊन काढणं. आठवड्यातून तीनदा, बहुधा जन्मभर. आणि आम्ही दोन महिने ह्यांच्या पायांची सूज उन्हाळ्यावर ढकलत होतो.

मळमड्डीला घरी आल्यावर ह्यांनी प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, उघडलं आणि बोट ठेवलं. मागे फारो राजाचं सैन्य, पुढे समुद्र, आणि पुढारी मोशे घाबरलेल्या लोकांना सांगतोय, स्थिर उभे राहा, देव सोडवील, अशी ती जागा.

"देवानं सांगितलं. मशीन नको," हे म्हणाले.

देवाच्या शब्दापुढं बायकोनं काय बोलायचं?

नऊ दिवस गेले. खाल्लेलं उलटून पडायचं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून खुर्चीतच झोपायचे. एका दुपारी मीही डोळे मिटून शास्त्र उघडलं. वंशावळीतली नावं निघाली. पुस्तक मांडीवर ठेवून रडले.

दहाव्या दिवशी आमच्या चर्चचे पाळक आले. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "मास्तर, मुलांना अर्धा धडा वाचून उत्तर लिहू देत होता काय? पुढं वाचा की."

ह्यांना अक्षरं दिसेनात. मी वाचलं. दोनच ओळी पुढं देव मोशेला विचारतो, माझ्याकडे ओरडतोस कशाला? लोकांना चालायला सांग. समुद्र दुभंगून वाट होते ती त्याच्यानंतर.

ह्यांनी त्या ओळी मला पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाले, "तेव्हा समुद्र दुभंगलाही नव्हता गं. रिक्षा बोलव."

आठ महिने झाले. हे बरे झालेले नाहीत, होणारही नाहीत. चार तास मशीनवर, मी बाहेरच्या बाकावर. दोघंही थकलोय.

तुमच्यावर ही वेळ आली तर बोट ठेवून देवाला उत्तर मागू नका. रोज थोडं, क्रमानं वाचा, कुणाला तरी सोबत घेऊन. आणि मनात आधीच होतं तेच निघालं तर पुन्हा वाचा. मलाही मशीनच हवं होतं, म्हणून तो अध्याय मी नंतर एकटीनं दोनदा वाचला.

उद्या पुन्हा जायचंय. सुया दंडात घालतात, म्हणून ह्यांनी अर्ध्या बाहीचा शर्ट आपणच कपाटातून काढून खुंटीला लावलाय. मी सांगितलं नव्हतं.