गोदामाचा सहावा खण

सांधेकाकांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं, आणि होतं तेव्हाही कोणी मारत नव्हतं. बंदराच्या धक्क्यावर मालगाडीचे सात फाटे होते. कुठली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, कुठल्या फाट्यावर जाणार हे ठरवणारे सांधे यांच्या ताब्यात. उंच केबिनमध्ये उभं राहून लोखंडी दांडा ओढला की खाली रूळ सरकायचे आणि वाघिणी मुकाट सांगितल्या वाटेने जायच्या. एवढ्यावरून हे नाव पडलं आणि जन्माला चिकटलं. माणूस मोजून बोलणारा, कामात केसाइतकी चूक न खपवणारा. हाताखालची पोरं म्हणायची, काकांच्या दाराबाहेरच्या चपलासुद्धा अशा समांतर असतात की वरून एखादी वाघीण जाईल.

बंदर बंद झालं त्या दिवशी बाकीचे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते आणि हा गृहस्थ वही-पेन्सिल घेऊन धक्का पावलांनी मोजत फिरत होता. केबिनच्या शिडीपासून गोदामापर्यंत किती पावलं, गोदामाचे खण सहा, एकेक खण किती पावलांचा, तीन नंबरची लाइन भिंतीपासून किती लांब, सगळं लिहून घेतलं. लोक म्हणाले, म्हातारं चळलं. काकांनी नेहमीप्रमाणे लक्ष दिलं नाही.

घरी येऊन त्यांनी चार फुटांची प्लायवूडची फळी आणली आणि तिच्यावर धक्का बांधायला घेतला, खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान. छोटे रूळ, इंजिन आणि वाघिणी खेळण्यांच्या दुकानात त्याच मापात मिळत होत्या, म्हणून तो आकडा. बाकी सगळं हाताचं. गोदाम पुठ्ठ्याचं, खडीच्या जागी चाळलेली वाळू, आणि क्रेन काकूंच्या केसांच्या आकड्यांची आणि शिवणाच्या दोऱ्याची. पाण्यावरून मात्र दुकानदाराशी वाजलं. तो निळा रंग देत होता. काका म्हणाले, तीस वर्षं त्या पाण्याकडे पाहिलंय, त्याचा रंग दोनदा उकळलेल्या चहाचा आहे. दुकानदार म्हणाला, गिऱ्हाइकांना निळंच आवडतं. काका म्हणाले, मग गिऱ्हाइकांना ते प्यायला दे. शेवटी तपकिरी रंगावर वॉर्निशचे पाच हात बसले तेव्हा पाण्याला हवी तशी तेलकट, आजारी तकाकी आली.

हे सगळं हौसेने चाललं असतं तर घरी बसून कौतुकाने बघण्यासारखं होतं. पण ही हौस नव्हती. फळी ठेवली होती मुलाच्या खोलीत, मुलाच्या लोखंडी खाटेवर. खाटेवरची गादी काकूंनी स्वतः उचलून दिली होती आणि का म्हणून विचारलं नव्हतं.

मुलगा एकुलता एक. काकांनीच शब्द टाकून त्याला धक्क्यावर चिकटवलं होतं, वाघिणी एकमेकींना साखळीने जोडायच्या कामावर. पोरगा बडबड्या, सगळ्यांत मिसळणारा, बापाच्या अगदी उलट टोक. त्या कामाचा एक नियम होता. दोन वाघिणींच्या मध्ये शिरण्याआधी माणसाने उघड्यावर येऊन केबिनकडे हात वर करायचा, तीन आकडे मोजायचे आणि मग आत जायचं. हात दिसला की तो माणूस बाहेर येईपर्यंत सांधेवाल्याने त्या लाइनच्या दांड्याला शिवायचं नाही. एका दुपारी मुलगा तीन नंबरवर, गोदामाच्या टोकाशी, दोन वाघिणींच्या मध्ये होता आणि काकांनी तीन नंबरचा दांडा ओढला. इंजिनाने ढकललेल्या चार वाघिणी त्या लाइनवर गेल्या. मुलगा बावीस वर्षांचा होता.

चौकशी झाली. काकांनी लिहून दिलं, ‘मी खिडकीतून पाहिलं. तीन नंबरवर हात वर केलेला कोणी दिसला नाही.’ त्यावरून अहवालात आलं की मुलगा हात न दाखवता आत शिरला, निष्काळजीपणा त्याचा. काकांकडे कोणी बोट दाखवलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणत लोक पाठीवर हात ठेवून निघून गेले. काका तीन महिने घरी बसून राहिले. परत गेले तेव्हा साहेबांनी दया येऊन त्यांना फाटकावर पास तपासायला बसवलं. केबिनची शिडी ते पुन्हा चढले नाहीत. बंदर बंद झालं त्या दिवशीही शिडीपाशी जाऊन पाय मागे फिरले.

कारण काकांना आतून एक कीड लागली होती. दिवसातून साठ वेळा खिडकीतून पाहायचं आणि दांडा ओढायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या एका वेळी आपण खरंच पाहिलं, की हात सवयीनेच दांड्याकडे गेला? आठवायला बसलं की हजार दुपारी आठवायच्या, तेवढी एक आठवायची नाही. आणि न आठवता आपण ‘पाहिलं’ असं लिहून दिलं. म्हणजे चूक मेलेल्या पोराच्या पदरात टाकली. काकूंनी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. शिवणाचं, भाजीचं, गुडघेदुखीचं, सगळं बोलणं व्हायचं, मुलाचं तेवढं व्हायचं नाही. ही आपल्याला दोषी धरते, हे काकांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

फाटकावर बसून रोज समोर ते लांबलचक गोदाम दिसायचं. बघता बघता काकांच्या मनाने घेतलं की एवढी भिंत आड असताना केबिनच्या खिडकीतून ती जागा दिसणं शक्यच नव्हतं. तसं असेल तर सगळा गुंता सुटत होता. मुलाने हात केला, बापाने पाहिलं, पण दिसलं नाही. मुलाची चूक नाही आणि बापाचीही नाही. हे डोळ्यांनी पाहायचं आणि काकूंना दाखवायचं, यासाठी तो सगळा खटाटोप होता.

दोन वर्षांनी फळी पुरी झाली. केबिन फळीच्या काठाशी होती आणि तिची मागची भिंत काकांनी मुद्दाम उघडी ठेवली होती, म्हणजे गाल फळीला टेकवून डोळा खिडकीला लावता यावा. धक्क्यावर हमाल होते, वजनकाट्यावरचा माणूस होता, एक कुत्रंही होतं. मुलगा कुठेच नव्हता. काकांनी गाल टेकवला. गोदामाचा सहावा खण बरोबर मध्ये येत होता आणि तीन नंबरची ती जागा पुरती झाकली जात होती. ते उठून पाणी प्यायले, परत येऊन पाहिलं आणि मग काकूंना हाक मारली.

काकू काज-बटणाचं काम खाली ठेवून आल्या. काका, ज्यांच्या तोंडून दिवसाला दहा वाक्यं निघायची नाहीत, ते बोलत सुटले. वहीतली मापं दाखवली, भिंत दाखवली, कुठून पाहायचं ते दाखवलं. काकूंनी चष्मा काढून डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मध्येच मान वर करून गोदामाकडे वरून एकदा पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला.

"नाही दिसत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दिसणारच नव्हतं."

त्या आठवड्यात काकांना भूक लागू लागली. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या झोप येऊ लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दाढी करताना स्वतःच्या तोंडाकडे नीट पाहिलं. सुख म्हणण्यासारखं ते नव्हतं, पण दुखायचं थांबलं होतं, आणि तेवढंही खूप होतं. त्या भरात त्यांनी आपल्या जुन्या सोबत्याला फळी पाहायला बोलावलं.

हा सोबती धक्क्यावर क्रेन चालवायचा. पन्नास फूट उंच बसून खालच्यांना अक्कल शिकवायचा, म्हणून सगळे त्याला उंटावरचा शहाणा म्हणत, आणि प्रेमाने नुसतं शहाणे. शहाणे आले तेव्हा काकू शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेल्या होत्या. त्यांनी फळीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाण्याचं मनापासून कौतुक केलं, क्रेन बुटकी झाली म्हणून तक्रार केली. मग गोदामापाशी थांबले.

"तुझी केबिन चालू असतानाचा धक्का केलास ना हा? मग खण सहा कसे? तेव्हा पाचच होते."

काका म्हणाले, मोजून घेतलेत.

"शेवटी सहाच होते रे. पण सहावा नंतर बांधला, तू घरी बसून होतास तेव्हा. वहिनींना विचार हवं तर. पोराची सामानाची पेटी न्यायला आल्या होत्या, त्या तिथेच, त्या खणाच्या विटांच्या चळतीवर बसून होत्या तासभर, साहेब येईपर्यंत. पाणी मीच नेऊन दिलं."

आपण काय बोलून बसलो ते शहाण्यांना उशिरा कळलं, त्यांना सगळंच उशिरा कळायचं. ते चहाला न थांबता निघून गेले.

तीन महिन्यांनी परतले तेव्हा काकांनी कशाकडेच नीट पाहिलं नव्हतं, गोदामाकडेही नाही. त्यांनी पातं घेतलं आणि सहावा खण कापून बाजूला ठेवला. गाल टेकवला. तीन नंबरची लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ दिसत होती. वाघिणींमधली फट दिसत होती. तिथे उभा राहिलेला माणूस आंधळ्यालाही चुकला नसता. पाहणाऱ्याने फक्त पाहायला हवं होतं. काका तसेच गाल टेकवून राहिले. मान आखडली तरी उठले नाहीत.

काकू आल्या आणि दारातूनच त्यांना कापलेला खण दिसला.

"तुला ठाऊक होतं," काका म्हणाले.

"हो."

"मग दिसत नाही असं का म्हणालीस?"

काकू खाटेच्या कडेवर, फळीला धक्का लागणार नाही अशा बेताने बसल्या. "तो हात करायला विसरणारा नव्हता," त्या म्हणाल्या. "त्याने हात केला असणार आणि तुम्ही पाहिलं नसणार. मला पहिल्या दिवसापासून तेच वाटतं. अहवाल वाचून दाखवला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं, माझं पोरगं निष्काळजी नव्हतं. पण तेव्हा तुम्ही भिंतीला धरून उभे होतात. तो गेला तो गेलाच, तुम्हाला मी माझ्या हाताने कुठे ढकलू?"

"मला आठवत नाही गं, मी पाहिलं की नाही."

अकरा वर्षं आत कोंडलेलं एवढंच ते वाक्य. बोलून झाल्यावर काकांनी हात पुढे केला. काकूंनी तो धरला नाही. त्यांना राग होता, अजून होता, आणि तो लपवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

काकांनी विचारलं, "निष्काळजी म्हणाले ते तुला अजून..."

"रोज," काकू म्हणाल्या.

काका उठले. वहीचं कोरं पान फाडून त्यांनी काकूंपुढे ठेवलं. धक्का बंद पडला असला तरी बंदराची मोठी कचेरी दुसऱ्या शहरात चालू होती, आणि काकूंचं अक्षर चांगलं होतं. काका खिडकीकडे तोंड करून सांगू लागले. मी खिडकीतून पाहिलं असं लिहून दिलं होतं. पाहिल्याचं मला आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं. तिथून जागा स्वच्छ दिसत होती. काकू शब्दन् शब्द लिहीत होत्या.

"लिही," काका म्हणाले, "माझ्या मुलाने हात केला होता."

काकूंचं पेन थांबलं. "हे तुम्हाला कुठे माहीत आहे?"

"तूच सांगितलंस ना आत्ता. तो विसरणारा नव्हता."

काकूंनी ते वाक्य लिहिलं. त्यांचं इतकं सुंदर अक्षर, पण ती एक ओळ वाकडीतिकडी गेली. मग त्यांनी कागद काकांपुढे सरकवला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच नवऱ्यासमोर रडल्या.